पडलेल्या झाडावर मशीन चालवण्याआधी

मे निम्मा सरला की वळवाचे वारे सुटतात आणि गोव्यात पेडण्यापासून सत्तरीपर्यंत झाडं कापायच्या मशीनची घरघर सुरू होते. कललेलं झाड दिसलं की ते ‘गेलं’ असं आपण ठरवूनच टाकतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर मीही तेच केलं. आडवा झालेला फणस दुसऱ्याच दिवशी कापून काढला. जूनमध्ये उरलेल्या बुंध्याला बोटभर धुमारे फुटले, तेव्हा घाई कळली.

म्हणून आधी नखाने साल खरवडून बघा. आत हिरवी, ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. काजू, आंबा, फणस निम्मी मुळं जमिनीत असली तरी तगू शकतात. मोडक्या फांद्या छाटून माथ्यावरचा भार उतरवा, उघड्या मुळांवर लगेच ओली पोती टाका, मग मातीची भर द्या. लहान झाड हळूहळू सरळ करून टेकू लावा. थोराड काजू मात्र उभा करायच्या भानगडीत पडू नका. उचलताना उरलीसुरली मुळंही तुटतात. तो आडव्या खोडावरूनच सरळ फुटवे काढतो.

जाड फांदी एका दमात कापायची नाही. बुंध्यापासून हातभर सोडून आधी खालून अर्धवट काप घ्या, त्याच्या थोडं पुढे वरून कापा, शेवटी उरलेला ठोंब काढा. नाहीतर फांदी पडताना खालची साल पट्टीसारखी सोलत नेते. कापावर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग मिसळा. लोखंडी भांडं नको.

माडाला एकच कोंब. तो कुजला की दुसरा फुटत नाही. पाडेली शेवटचे नारळ काढायला चढेल तेव्हाच कोंब बघून घ्यायला सांगा.

काजूच्या बुंध्याशी डिंक आणि भुसा दिसला तर खोडकिडा. सुरुवात असेल तर अळ्या कोरून काढा. निम्म्याहून जास्त साल पोखरून पानं पिवळी पडली असतील, तर तिथे माया नको. झाड मुळासकट काढून बागेबाहेर न्या.

पण तोडण्याआधी परवानगी घ्या. गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी ती लागते. माड २०१६ मध्ये त्या कायद्यातून वगळला होता, २०१७ मध्ये परत आला.