जिंकलेल्या फुटबॉल मॅनेजरने पुढचा क्लब कसा निवडावा

ट्रॉफी हातात आली की फोन वाजायला लागतात. त्या आठवड्यात कुणालाही होकार देऊ नका. माझी सगळी कारकीर्द सहायक प्रशिक्षक म्हणून गेली. मुख्य प्रशिक्षकाने, म्हणजे मॅनेजरने, क्लब बदलला की त्याच्या मागोमाग मीही बदलायचो. त्यावरून एक ठाम सांगतो: क्लबचं नाव सगळ्यात शेवटी बघा.

आधी हे शोधा की तिथे खेळाडू कोण निवडतो. मालक, स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा अधिकारी) की तुम्ही? “सगळे मिळून ठरवतो” या उत्तरावर थांबू नका. गेल्या दोन मोसमांत घेतलेल्या खेळाडूंची यादी मागा आणि एकेका नावापुढे विचारा, हा कुणाला हवा होता? मी होतो त्या एका क्लबमध्ये मधल्या फळीतला नवा खेळाडू आल्याचं आम्हाला बातमीतून कळलं. तो मोसम आमचा कधी जमलाच नाही. बार्सिलोनाचा माजी प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला २०१६ मध्ये मँचेस्टर सिटीत गेला, तेव्हा मुख्य कार्यकारी अधिकारी फेरान सोरियानो आणि फुटबॉल संचालक चिकी बेगिरिस्ताइन २०१२ पासून तिथे होते. दोघेही बार्सिलोनातले, त्याच्या ओळखीचे. पहिल्या मोसमात एकही ट्रॉफी मिळाली नाही, तरी त्याची खुर्ची हलली नाही. तुमच्या पडत्या काळात वरचा माणूस काय बोलेल, याचा अंदाज सही करण्याआधीच यायला हवा.

मग बघा, कुणाच्या जागी चाललात. डेव्हिड मॉयेस एव्हर्टनमध्ये ११ वर्षं टिकला, २०१३ मध्ये सर अलेक्स फर्ग्युसनच्या जागी मँचेस्टर युनायटेडला गेला आणि सहा वर्षांचा करार असूनही पुढच्या एप्रिलमध्ये त्याला काढलं. फर्ग्युसनबरोबरच मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिलही बाहेर पडला होता, हे लोक विसरतात. एकाच उन्हाळ्यात दोन्ही खांब निघाले. २०२५ मध्ये एरिक टेन हाग जर्मनीच्या लेव्हरकुसेनला गेला, त्या उन्हाळ्यात आधीचा प्रशिक्षक झाबी अलोन्सो तर गेलाच, शिवाय विर्ट्झ, फ्रिम्पाँग, ता आणि झाका हे खेळाडूही क्लब सोडून गेले. लीगचे २ सामने झाले आणि त्याची हकालपट्टी झाली. म्हणून संघ बघताना मागच्या मोसमाचं गुणकोष्टक बाजूला ठेवा. कुणाचा करार कधी संपतो आणि कोण विकला जाणार, एवढं तपासा.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा, आपली माणसं. ब्रायन क्लफने पीटर टेलरच्या जोडीने डर्बी काउंटीला १९७२ मध्ये इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. १९७४ मध्ये तो ब्रायटनहून लीड्सला गेला, पण टेलर ब्रायटनमध्येच राहिला. क्लफ ४४ दिवस टिकला. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये १९७६ साली टेलर पुन्हा येऊन मिळाला आणि १९७९ व १९८० असे सलग दोन युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) आले. लीड्समध्ये दुसऱ्याही अडचणी होत्या, क्लफने त्या संघावर आधी उघड टीका केली होती. तरी मुख्य प्रशिक्षकाला “हे चुकतंय” असं दार लावून सांगणारा माणूस लागतोच, आणि असा माणूस नव्या क्लबमध्ये आयता मिळत नाही. सहायक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, फिटनेस बघणारा यांचे करार तुमच्या कराराबरोबरच लिहून घ्या. “नंतर बघू” म्हणणाऱ्या क्लबला तुम्ही नकार द्या. प्रशिक्षक जोझे मोरिन्यो २००४ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तोला चॅम्पियन्स लीग जिंकून देऊन चेल्सीत आला तो आपले सहायक घेऊन. शिवाय कार्व्हालो आणि पाउलो फेरेरा हे पोर्तोचे बचावपटूही आले.

पैशाबद्दल फार बोलत नाही. एजंट ते बघतो.

थांबणं हाही पर्याय आहे. मार्च २०२४ मध्ये लिव्हरपूल आणि बायर्नची चर्चा रंगात असताना अलोन्सोने लेव्हरकुसेनमध्येच राहतो असं जाहीर केलं आणि त्याच मोसमात क्लबने एकही लीग सामना न हरता आपलं पहिलं बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीगचं विजेतेपद, जिंकलं. दमला असाल तर ग्वार्दिओलासारखं वर्षभर बाहेर बसा. बार्सिलोना सोडल्यावर त्याने न्यूयॉर्क गाठलं होतं आणि २०१३ मध्ये तो बायर्नला रुजू झाला.

आणि ठरलंच, तर आधी आपल्या खेळाडूंना सांगा, समोर उभं राहून. पत्रकारांना दुसऱ्या दिवशी.