सामन्यात खेळाडूला रक्त आलं तर पंचांनी काय करावं?

रक्त दिसलं की खेळ थांबवा. खेळाडू म्हणेल, "काही नाही सर, नुसतं खरचटलंय." कर्णधारही घाई करेल. ऐकू नका. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, आणि कुणाला काय आहे हे बघून कळत नाही. म्हणून नियम सरसकट सगळ्यांना लावायचा. मग कुणाला वेगळं काढल्यासारखंही वाटत नाही.

खेळाडूला मैदानाबाहेर पाठवा. मलमपट्टी हे पंचांचं काम नाही, ते ग्लोव्हज घातलेल्या प्रथमोपचारकांवर सोडा. नाकातून रक्त येत असेल तर डोकं मागे नाही, पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं न सोडता दाबून धरायचा. मध्येच सोडून बघितलं की रक्त पुन्हा सुरू होतं.

तेवढ्या वेळात चेंडू, जमीन आणि शेजारचे खेळाडू नीट बघा. हे हमखास राहून जातं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस टिकतो. फरशीवरचं रक्त ग्लोव्हज घालून कागदाने टिपायचं, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण 10 मिनिटं तिथे राहू द्यायचं. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात किंवा उघड्या जखमेवर रक्त उडालं असेल तर भरपूर पाण्याने धुवायला लावून त्याला डॉक्टरांकडे पाठवा.

किती वेळ थांबायचं, हे खेळावर ठरतं. रग्बीत बदली खेळाडू घेऊन जखमी खेळाडूला 15 मिनिटं मिळतात, टेनिसमध्ये रक्त थांबवायला जास्तीत जास्त 5. फुटबॉलमध्ये अशी मुदत नाही, पण रेफरीने खूण केल्याशिवाय खेळाडू आत येऊ शकत नाही.

खूण करण्याआधी स्वतः जवळ जाऊन बघा. भुवईवरची पट्टी घामाने सर्वांत आधी सुटते. तिच्या कडेला कोरा गॉझ टेकवायला सांगा. लाल डाग उमटला तर अजून थांबा. जर्सी, शॉर्ट्स, मोजे यांवर रक्त असेल तर कपडे बदलायला लावा. जर्सीचा नंबर बदलला तर लगेच नोंद करा.

जखम डोक्याला असेल आणि खेळाडू गोंधळल्यासारखा वाटत असेल, तर रक्त थांबलं तरी त्या दिवशी त्याला पुन्हा खेळू देऊ नका.