आतड्याच्या अडथळ्यात रक्तपुरवठा तुटण्याचा अंदाज कसा घ्यावा

आतड्यात अडथळा असलेला रुग्ण दाखल झाला की अडथळा नेमका कुठे आहे यापेक्षा आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत आहे का, हे आधी पाहावे. आतडी चिकटल्यामुळे झालेला नुसता अडथळा असेल तर नाकातून नळी घालून आणि सलाइन देऊन पुष्कळदा 72 तासांपर्यंत थांबता येते. रक्तपुरवठा तुटला असेल तर काही तासांतच आतडे सडू लागते.

चिकटलेल्या पट्ट्याखाली, हर्नियाच्या तोंडाशी किंवा पीळ पडून आतड्याचा वेढा दोन्ही टोकांना आवळला गेला की आधी पातळ भिंतीच्या शिरा दाबल्या जातात. रोहिण्यांतून रक्त येत राहते पण परत जात नाही, त्यामुळे आतड्याची भिंत सुजते, तिच्यातून द्रव व रक्त पाझरते आणि शेवटी रोहिण्यांचाही प्रवाह थांबतो.

रुग्णाला दुखण्याची तऱ्हा विचारावी. कळ येऊन मधे उसंत मिळत असेल तर थोडा दिलासा. पण कळांची जागा सततच्या, वेदनाशामकाला न जुमानणाऱ्या दुखण्याने घेतली असेल तर सावध व्हावे. नाडी जलद होणे, ताप, पोट हात लावताच कडक होणे ही चिन्हे पाहावीतच, मात्र बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती मंद ठेवणारे औषध) घेणाऱ्याची नाडी वाढेलच असे नाही आणि स्टेरॉइडवर असलेल्याचे पोट मऊच राहू शकते. दोन्ही जांघा उघड्या करून तपासाव्यात; वृद्ध, स्थूल स्त्रीच्या मांडीच्या घडीत दडलेली गोटीएवढी गाठ हमखास नजरेतून सुटते. शक्यतो एकाच डॉक्टरने दर 3-4 तासांनी पोट तपासावे, कारण एका वेळच्या तपासणीपेक्षा दोन तपासण्यांमधला फरक अधिक बोलका असतो.

रक्तातील लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशींत तयार होणारे आम्ल) वाढलेले असेल तर ते गंभीरपणे घ्यावे, पण ते नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होऊ नये: आवळलेल्या वेढ्यातले रक्त शरीरात परतत नसल्याने ते उशिरा वाढते.

सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे शिरेतून काँट्रास्ट (रक्त पोहोचते तो भाग उजळ दाखवणारे द्रव्य) देऊन केलेला सीटी स्कॅन. संशयित वेढ्याची भिंत शेजारच्या निरोगी वेढ्यापेक्षा कमी उजळते का, हे ताडून पाहावे. काँट्रास्टपूर्वीची छायाचित्रेही हवीत, कारण भिंतीत रक्त साकळले असेल तर ती मुळातच उजळ दिसते आणि रक्तपुरवठा चांगला असल्याचा भास होतो. मेझेंटरी (आतड्याला रक्तवाहिन्या पोहोचवणारा पडदा) धूसर दिसणे, तिच्या रक्तवाहिन्यांचा भोवरा, दोन्ही टोकांना बंद झालेला वेढा ही धोक्याची चिन्हे होत. भिंतीतील हवा बहुधा उशिरा दिसते.

2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका गुणांकनात सहा बाबींना प्रत्येकी एक गुण आहे: 4 दिवस किंवा अधिक दुखणे, पोट कडक होणे, सीआरपी (रक्तातील दाहदर्शक प्रथिन) लिटरमागे 75 मिलिग्रॅम किंवा अधिक, पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे 10,000 किंवा अधिक, सीटीवर पोटात किमान 500 मिलिलिटर मोकळा द्रव आणि भिंत कमी उजळणे. 3 किंवा अधिक गुण असतील तर आतड्याचा भाग कापावा लागण्याची शक्यता बरीच असते. मात्र त्या अभ्यासात आतडे कापावे लागलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे गुण 3 पेक्षा कमी होते. म्हणून गुण कमी असले तरी सीटीवर बंद वेढा दिसत असेल, तर गॅस्ट्रोग्राफिन (पाण्यात विरघळणारे, एक्स-रेवर दिसणारे काँट्रास्ट) पाजून वाट पाहत न बसता शल्यचिकित्सकाला तेव्हाच बोलवावे.