अधूनमधून येणारी धडधड यंत्रात पकडताना

महिन्यातून एखाद्या वेळी छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पडवीत टेकून बसेपर्यंत सारे शांत होते. मग एसटीने रत्नागिरी गाठून काढलेला ईसीजी चांगलाच येतो, कारण त्या कागदावर जेमतेम १० सेकंदांचे ठोके उमटतात. माझ्या आईचा २४ तासांचा होल्टरही (अंगावर बाळगून ठोके सतत नोंदवणारे छोटे यंत्र) असाच निर्दोष आला आणि आम्ही निर्धास्त झालो. ती आमची चूक होती, कारण त्या दिवशी तिला काही झालेच नव्हते.

म्हणून डॉक्टरांना सर्वांत आधी त्रास किती दिवसांनी होतो, हे सांगावे. तो रोज होत असेल तर २४ ते ४८ तासांचा होल्टर पुरतो; आठवड्या-दोन आठवड्यांनी होत असेल तर छातीवर साधारण १४ दिवस राहून ठोके नोंदवणारी चिकटपट्टी उपयोगी पडते; महिन्याकाठी होत असेल तर सुमारे ३० दिवस बाळगायचा लूप रेकॉर्डर विचारावा. हा रेकॉर्डर जुनी नोंद पुसत नवी घेत राहतो आणि बटण दाबताच आधीच्या काही क्षणांचीही नोंद राखून ठेवतो, त्यामुळे भानावर आल्यावर दाबले तरी चालते. वर्षातून एक-दोनदाच शुद्ध हरपत असेल, तर जागा बधिर करून छातीच्या कातडीखाली बसवायचे बोटाएवढे यंत्र असते, जे सुमारे तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालते.

आपल्याकडच्या दमट हवेत खरी पंचाईत पट्टी टिकवण्याची असते. ती लावण्याच्या दिवशी अंगाला खोबरेल लावू नये, पावडर टाळावी, छातीवरचे केस काढून कातडी पूर्ण कोरडी करावी आणि पट्टी तळहाताने थोडा वेळ दाबून धरावी. होल्टर सहसा भिजवता येत नाही. काही पट्ट्यांना अंगावरून घेतलेले पाणी चालते, पण विहिरीत किंवा समुद्रात डुंबणे टाळावे.

यंत्राइतकीच वही महत्त्वाची आहे. घड्याळ यंत्राच्या वेळेशी जुळवून घ्यावे आणि त्रास होताच बटण दाबून लिहावे: "मंगळवार, दुपारी २.४०, विहिरीवरून कळशी आणताना, ठोका चुकल्यासारखे, दोन मिनिटे, घेरी नाही." नुसते "दुपारी बरे वाटले नाही" असे लिहिले, तर आलेखातला नेमका कोणता भाग पाहायचा ते कळत नाही. धडधड होत असताना आलेख निर्दोष निघाला, तर तोही उपयुक्त निष्कर्षच असतो. घरची मंडळी कौतुकाने रुग्णाला बसवून ठेवतात, पण नेहमीची कामे चालू ठेवावीत. मात्र ज्याची शुद्ध हरपली आहे, त्याने डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत माडावर चढू नये, एकट्याने होडी नेऊ नये आणि गाडी चालवू नये.

मोबाइलवरून नोंदी पाठवणारे यंत्र घेताना, वाडीत रेंज नसल्यास त्या यंत्रातच साठतात का, हे आधी विचारून घ्यावे. रेंज असली तरी पलीकडे कोणी चोवीस तास आलेख पाहत बसलेले असेलच असे नाही. म्हणून छातीत दुखू लागले, दम लागला किंवा शुद्ध हरपली, तर बटणावर न विसंबता १०८ ला फोन करावा.