घाटात गाडी दमते? पुढचा एक दाता कमी करण्याआधी

मागे माणूस, पुढे पिशव्या आणि शंभर-सव्वाशे सीसीची गाडी. नांदुरी सोडून सप्तशृंगगडाचा घाट लागला की ती तिसऱ्या गिअरमध्ये दमते आणि दुसऱ्यात नुसती ओरडते. गॅरेजवाला म्हणतो, "पुढचं सॉकेट एक दाता बारीक टाका." सॉकेट म्हणजे स्प्रॉकेट, चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक: एक पुढे इंजिनापाशी, एक मागच्या चाकावर. सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो, पण आधी हिशेब करा.

मागचे दाते भागिले पुढचे दाते, हा रेशो. समजा मागे ४५ आणि पुढे १५, तर रेशो ३. पुढे १४ टाकले की ३.२१ होतो. चाकाला ओढ साधारण ७ टक्के वाढते आणि वेग जवळपास तेवढाच घटतो: इंजिनच्या ज्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) ६० चा वेग मिळायचा, तिथे आता ५६. पुढे १५ च ठेवून मागे ४८ केले तर रेशो ३.२. म्हणजे पुढचा एक दाता हा मागच्या तीन दात्यांच्या बरोबरीचा. पुढे थेट १३ टाकले तर ओढ १५ टक्के वाढते. मग मुंबई-आग्रा हायवेला इंजिन सतत किंचाळत राहील आणि पेट्रोलही जास्त पिईल.

आता हे ७ टक्के कुठे कामाला येतात ते बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये साधारण ३० टक्क्यांचं अंतर असतं. तिसऱ्यात गाडी जरा-जराशी मार खात असेल तर एका दात्याने ती निघून जाते. तिसरा टाकताच मरत असेल तर सॉकेट बदलून काही होणार नाही, तो घाट दुसऱ्यातच चढायचा. रोजची धाव नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या सपाट रस्त्यावर आणि गडावर वर्षातून दोनदा जाणं, असं असेल तर कंपनीचंच सेटिंग राहू द्या. उलट टोमॅटोचे क्रेट किंवा दुधाचे कॅन रोज वाहत असाल तर १४ दात्यांचं सॉकेट पहिल्याच दिवशी जाणवेल, कारण प्रत्येक सिग्नलवर हाफ क्लच कमी मारावा लागतो.

त्याआधी तीन गोष्टी तपासा: एअर फिल्टर, टायरची हवा आणि क्लच. चढावर अॅक्सिलरेटर पिळल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेटा घसरताहेत. त्यावर सॉकेट हा इलाज नाही.

चेनही मोजा. ४२८ नंबरच्या चेनचा एक खण १२.७ मिमीचा. चेन ताणून धरा आणि २१ पिना मोजा, पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत. नव्या चेनमध्ये हे अंतर २५४ मिमी भरतं. २५९ च्या पुढे गेलं असेल तर चेन संपली. तिच्यावर नवं सॉकेट चढवाल तर त्याचे दातेही लवकरच हूकसारखे झिजतील, मग चेन आणि दोन्ही सॉकेट असं पूर्ण किटच घ्या.

बसवताना क्रम चुकवू नका. चेन जागेवर असतानाच गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबून धरा आणि पुढच्या सॉकेटचे बोल्ट ढिले करा. चेन आधी काढली तर बोल्टासोबत सॉकेटही फिरत बसतं. नवं सॉकेट चढवून चेन जोडताना लॉकचं (चेनची टोकं जोडणाऱ्या कडीवरच्या क्लिपचं) बंद टोक चेन पळते त्या दिशेला यायला हवं. उलटं बसलं तर लॉक कधीतरी उडतं आणि चेन रस्त्यात पडते.

पुढचा एक दाता कमी झाला की मागचं चाक सुमारे ३ मिमी मागे घ्यावं लागतं. मागे ३ दाते वाढवले तर उलटं, साडेनऊ मिमी पुढे. चिमट्यात (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांत) तेवढी जागा नसेल तर जास्त लांबीची चेन लागते. चाक दोन्ही बाजूंच्या खुणांवर सारखं हवं. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्यावर रॉड ताणला जातो, ब्रेक धरून राहतो आणि ड्रम तापतो. रॉडचा नट थोडा सोडा. ही गोष्ट हमखास राहून जाते.

चेनचा ढिलेपणा, म्हणजे ती मधोमध खाली-वर जेवढी हलते ते अंतर, गाडीच्या पुस्तकात असेल तेवढा ठेवा, बऱ्याच कम्युटर गाड्यांना २० ते ३० मिमी. चाक फिरवत जा आणि चेन सर्वात ताठ लागते तिथे मोजा. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून असेल तर आकडा बरोबर राहतो; गिअरबॉक्समधून असेल तर खऱ्या ५६ ला काटा ६० दाखवेल. नवी चेन सुरुवातीला ताणते, म्हणून २००-३०० किलोमीटर झाल्यावर लोड लादण्याआधी ढिलेपणा पुन्हा मोजून घ्या.