गाडी मागून सुटते? आधी विंगला हात लावू नका

हिलक्लाइंबची, म्हणजे घाट चढण्याच्या शर्यतीची, गाडी वळणात बिनसली की नवखे मेकॅनिक थेट मागच्या विंगकडे (गाडीला हवेच्या जोराने खाली दाबणाऱ्या पंखाकडे) धावतात. विंग समोर दिसते आणि दोन बोल्ट सैल केले की कोन बदलतो. सस्पेन्शन तपासायचं तर गाडी जॅकवर घ्यावी लागते, चाकं काढावी लागतात. हा कंटाळा मला अजिबात खपत नाही.

कोलोराडोतल्या पाइक्स पीकवर तर प्रत्येक तक्रारीचं खापर विरळ हवेवर फुटतं. सुमारे 20 किलोमीटरचा, 156 वळणांचा तो घाट 2,862 मीटरवर सुरू होतो आणि 4,302 मीटरवर संपतो. तेवढ्यात हवेची घनता साधारण 13-14 टक्क्यांनी घटते आणि डाउनफोर्सही (गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर) त्याच प्रमाणात घटतो, हे खरं. पण तो पुढचाही घटतो आणि मागचाही. चारही चाकांची पकड सारखी कमी झाली असेल तर हवेला दोष द्या. फक्त मागची बाजू सुटत, म्हणजे पकड सोडून घसरत, असेल तर कारण दुसरीकडे आहे.

तिथे एका टीमची गाडी खालच्या टप्प्यात उत्तम चालायची. घाटाच्या वरच्या भागातल्या डेव्हिल्स प्लेग्राउंड या ठिकाणाच्या वर मात्र वेगवान वळणांत मागून सुटायची, तीही काही सूचना न देता. टीमने विंगचा कोन वाढवला. गाडी आणखी बिथरली, तर त्यांनी तो अजून वाढवला! मी मागच्या डॅम्परच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) शाफ्टवर एक झिप टाय (प्लास्टिकची बांधपट्टी) बांधायला सांगितला; डॅम्पर जितका दबतो तितका तो सरकतो. रन संपवून गाडी खाली आली तेव्हा तो सरकून बंप स्टॉपला (डॅम्परची हालचाल संपते तिथल्या रबरी अडणीला) चिकटलेला होता. वरचा रस्ता बर्फ गोठून-वितळून उंचसखल झालेला. विंगच्या दाबाने मागची बाजू आधीच बसलेली, त्यात उंचवटा आला की डॅम्परची हालचालच संपायची. बंप स्टॉप लागला की ते टोक क्षणात कडक होतं आणि टायरची पकड जाते. म्हणजे विंगचा कोन वाढवून ते दुखणंच वाढवत होते. मग एकेक करून मागची स्प्रिंग एक पायरी कडक केली, राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची) थोडी वाढवली, विंग जुन्या कोनावर आणली. गाडी शांत झाली.

तेव्हापासून कुठलीही गाडी हाती आली की आधी चारही डॅम्परवर झिप टाय. काही रुपयांची वस्तू आहे, पण लोक डेटा लॉगरच्या (गाडीची मापं नोंदवणाऱ्या यंत्राच्या) किमती विचारत बसतात.

दोष हळू वळणात दिसतो की वेगवान, हे ड्रायव्हरला विचारल्याशिवाय पाना उचलू नका. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 120 किलोमीटरला जेवढा मिळतो, त्याचा चौथा हिस्सा 60 ला. त्यामुळे हेअरपिनमध्ये नाक बाहेर जात असेल तर अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी), डिफरन्शिअल (दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटणारा भाग), टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) आणि टायर बघा. विंगचा तिथे फारसा संबंध नाही. दोष फक्त वेगात येत असेल तर विंग आणि स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची आडवी फळी) बघायचे, पण झिप टाय बघून झाल्यावरच.

स्प्लिटरची उंची उभ्या गाडीखाली मोजून समाधान मानू नका. त्यावर पाय देऊन दाबा. वाकला तर वेगातही वाकणार.

पहिल्या दोन-तीन वळणांतल्या अंडरस्टिअरवरून (नाक बाहेर जाण्यावरून) सेटअप बदलू नका, टायर थंड असतात.

एका वेळी एकच बदल. स्प्रिंग, डॅम्परचे क्लिक (कडकपणा बदलण्याच्या पायऱ्या) आणि विंग एकत्र बदलून 'गाडी सुधारली' म्हणणाऱ्याला काय सुधारलं ते कधीच कळत नाही. दुसऱ्याच्या गाडीचा सेटअप जसाच्या तसा उचलणाऱ्यांचंही तेच.

कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचं वजन) घेताना ड्रायव्हर सीटवर हवा, हेल्मेटसकट.

आणि टायरचा दाब. पाइक्स पीकवर बाहेरच्या हवेचा दाब शिखरापर्यंत इतका उतरतो की टायर न तापताही गेजवर पावणेदोन पीएसआयच्या आसपास वाढ दिसते. तापल्यावर वाढेल ती वेगळी. मी तेवढी हवा स्टार्टलाच कमी ठेवतो.