शेजारच्या बंबाचा धूर घरात येत असेल तर काय करावे

दिवाळी उलटली की खानदेशात पहाटेचा गारवा बोचू लागतो आणि गल्लोगल्ली आंघोळीचे पाणी तापवणारे बंब पेटतात. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर असलेल्या तापीच्या या खोऱ्यात हिवाळ्याच्या रात्री थंड हवा तळाशी साचते, तिच्यावरची हवा त्या मानाने उबदार राहते, आणि त्यामुळे धूर वर चढण्याऐवजी छपरांच्या उंचीवरच पसरून राहतो. एरवी कोणाच्या ध्यानातही न येणारा बंब मार्गशीर्ष-पौषात दोन घरांच्या भांडणाचे कारण होतो, तो यामुळे. ज्यांच्या घरात धूर येतो आणि ज्यांच्या घरातून तो जातो, अशा दोघांनाही उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

आमच्याच घरचा अनुभव आधी सांगतो. शेजाऱ्यांचा बंब मोरीलगत होता आणि त्याचे पत्र्याचे धुराडे आमच्या गच्चीच्या कठड्याच्या वीतभर खाली संपत होते. फाल्गुनातल्या एका सकाळी आईने गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापडासारखे वाळवण, घातल्या. नऊच्या सुमारास ती बघायला गेली तेव्हा ओल्या बिबड्यांवर तिळाएवढे काळे ठिपके पडलेले होते, आणि बोट लावले की ठिपका पसरून त्याची रेघ होत होती. आई जिन्यात उभी राहून जे बोलायचे ते बोलली, पलीकडूनही तसेच उत्तर आले, आणि पुढची दीड वर्षे दोन्ही घरांतल्या बायका एकमेकींकडे हळदीकुंकवालासुद्धा गेल्या नाहीत. एवढे होऊनही धुराडे होते तिथेच राहिले, कारण त्या सगळ्या बोलाचालीत धुराड्याची उंची किती आहे आणि किती असायला हवी, हा विषय एकदाही निघाला नव्हता. पुढे आमच्या काकांनी तो विषय काढला, आणि दोन्ही घरांनी निम्मे निम्मे पैसे घालून धुराडे चार फूट वाढवले.

म्हणून तक्रारीच्या आधी धूर नीट पाहावा. पंधरा दिवस एका वहीत रोजची नोंद ठेवावी: धूर किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला, त्याचा रंग आणि वास कसा होता, वारा कोणत्या बाजूचा होता, घरात कोणाला त्रास झाला. रंगावरून पुष्कळ कळते. लाकूड तापले की आधी त्यातील पाणी वाफ होऊन जाते आणि मग ज्वलनशील वायू बाहेर पडतात. त्या वायूंनी पेट घेतला की ज्वाळ दिसते आणि घेतला नाही की तेच पांढरा, दाट धूर होऊन बाहेर जातात. पेटवताना दहा-पंधरा मिनिटे असा धूर येणे साहजिक आहे. तो तासभर टिकत असेल तर लाकूड ओले आहे किंवा जाळाला हवा मिळत नाही, असे समजावे. काळा, नाकाला झोंबणारा धूर मात्र सहसा लाकडाचा नसतो. केळीच्या घडांना घातलेल्या पिशव्या, ठिबकच्या जुन्या नळ्यांचे तुकडे, सायकलची ट्यूब, रंग दिलेले फळकूट यांपैकी काहीतरी पेटवणासाठी वापरले जात आहे, हे त्यावरून ओळखता येते. ही दोन प्रकरणे वेगळी आहेत. पहिल्यात दुरुस्ती सुचवायची असते, दुसऱ्यात ते जाळणे थांबवण्याचीच मागणी करायची असते, आणि तिला कायद्याचाही स्पष्ट आधार आहे.

बोलायला जाण्याची वेळ महत्त्वाची आहे. डोळे चुरचुरत असताना, शेजारीण फुंकणी घेऊन बंबापुढे बसलेली असताना जाऊ नये. संध्याकाळी, जेवणे आटोपल्यावर, घरातील मोठ्या माणसाने स्वतः जावे. मुलाच्या हाती निरोप पाठवणे किंवा गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर धुराचा फोटो टाकणे म्हणजे शेजाऱ्याला चारचौघांत उभे करणे होय, आणि त्यानंतर तो दुरुस्तीचे बोलणे ऐकून घेत नाही. "जिभाऊ, तुमना बंबना धूर आमना घरमा येस, एकदा ईसन देखी ल्या" एवढे म्हणून त्यांना आपल्या घरी आणावे आणि ज्या खिडकीतून धूर येतो तिथे उभे करावे. आपल्या घरातून आपलेच धुराडे पाहिल्यावर जे ध्यानात येते ते कितीही सांगून येत नाही.

बंब किंवा चूल बंद करा, अशी मागणी पहिल्याच भेटीत करू नये, आणि माझ्या मते ती न्याय्यही नाही. ज्या घरी शेतातून पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, फुकट येतात तिथे सहा माणसांच्या आंघोळीचे पाणी गॅसवर तापवणे परवडत नाही. उज्ज्वला योजना 2016 मध्ये सुरू झाल्यानंतर गावोगावी जोडण्या पोहोचल्या, तरी चहा आणि वरण गॅसवर, भाकरी आणि पाणी मात्र काडीवर, अशी वाटणी अनेक घरांत आजही आहे. शिवाय त्या धुराचा सर्वांत मोठा वाटा जाळापुढे बसणाऱ्या बाईच्या छातीत जातो. हे मनात ठेवून बोलले की आपोआप सूर बदलतो, कारण धूर कमी होणे ही दोन्ही घरांची गरज ठरते.

तब्येतीचा मुद्दाही मोजून मांडावा. धुरातील जे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात ते नाकात अडकत नाहीत, फुप्फुसात खोलवर जातात आणि दमा, जुना खोकला, हृदयविकार बळावतात. अशा कणांची चोवीस तासांची सरासरी भारतीय मानकानुसार घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ही मर्यादा 15 इतकी खाली सुचवली आहे. केंद्राच्या 2019 च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात जळगाव शहराचा समावेश आहे, म्हणजे हवेची तक्रार ही केवळ एखाद्याच्या नाजूक प्रकृतीची गोष्ट नाही. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल असेल तर डॉक्टरांकडून तसे लेखी घ्यावे. बोलणीत आणि पुढे अर्जात तो कागद उपयोगी पडतो.

येथे एक धोक्याची सूचना देणे भाग आहे. शेजारचा धूर येतो म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट लावून, थंडीसाठी खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून कोणीही झोपू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद खोलीत त्याने झोपेतच जीव जातो.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. सर्वांत मोठा फरक इंधनाने पडतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या जवळपास पाणी असू शकते. ते वीस टक्क्यांच्या खाली आले की लाकूड नीट जळते, आणि त्यासाठी फोडलेल्या बाभळीला वा निंबाला एक पूर्ण उन्हाळा तरी मिळायला हवा. मोळी जमिनीपासून वीतभर उंच रचावी, वरून झाकावी आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आतली ओल आतच राहते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज आला तर लाकूड वाळले आहे. पऱ्हाट्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. त्यांना चिकटून राहिलेल्या किडक्या, न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी टिकून राहते, म्हणूनच कृषी विभाग पऱ्हाट्या साठवू नका असे सांगत असतो. त्यामुळे पऱ्हाट्या लवकर संपवाव्यात आणि वर्षभराची बेगमी लाकडाची करावी.

धुराड्याचा नियम सोपा आहे. ते छपरातून जिथे बाहेर येते तिथून किमान तीन फूट वर जावे, आणि दहा फुटांच्या आत जी भिंत, कठडा किंवा खोली असेल तिच्याहून किमान दोन फूट उंच असावे. धाब्याच्या जुन्या घराशेजारी कोणी मजला चढवला की वर्षानुवर्षे बरोबर असलेले धुराडे एकाएकी बुटके ठरते. अशा वेळी चूक बंब लावणाऱ्याची नसते, आणि वाढीव नळीचा खर्च नव्या मजल्याच्या मालकाने अर्धा तरी उचलणे मला रास्त वाटते. नळी शक्यतो सरळ असावी. आडवी नेलेली किंवा काटकोनात दोनदा वळवलेली नळी धूर ओढत नाही, तो मोरीतच मागे फिरतो. पावसासाठी लावलेली टोपी तोंडाला टेकलेली नसावी. हंगामात महिन्यातून एकदा दोरीला गोणपाटाचा बोळा बांधून नळीतली काजळी झाडावी, आणि हे काम बंब थंड असताना करावे.

पेटवण्याची पद्धतही बदलून पाहावी. बंबाच्या नळीत गच्च काड्या कोंबल्या की जाळ गुदमरतो. थोड्या काड्या, वरून पेटवलेल्या आणि खालची राखेची जाळी मोकळी, अशा ठेवल्या तर धुराचा काळ निम्म्याहून कमी होतो, हे आमच्याकडे घड्याळ लावून पाहिलेले आहे. चुलीसाठी धुराड्याची निर्धूर चूल बांधून घेता येते. ज्यांना जमेल त्यांनी सौर बंबाचा विचार करावा, कारण खानदेशात हिवाळ्यातही ऊन लख्ख असते, आणि शंभर लिटरचा संच तीन-चार माणसांना पुरतो.

काही दिवस मात्र मोकळे सोडावेत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरचे मांडे आणि श्रावणात कानबाई देवीचे रोट होतात त्या दिवशी धूर होणारच. शेजाऱ्याने आदल्या दिवशी सांगावे, आणि आपण वाळवण गच्चीवरून उचलून घ्यावे. जे ठरेल ते तारखेसह कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

दोन-तीन भेटींनंतरही काही हलले नाही तर तिसरा माणूस घ्यावा. गावात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची समिती चालू असेल तर तिच्याकडे, शहरात गल्लीतील दोघांचा मान राखणाऱ्या व्यक्तीकडे जावे. त्यानंतरचा अर्ज ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिका-महापालिकेच्या आरोग्य विभागाला द्यावा, आणि त्याची पोच घ्यावी. अर्जात राग नको, माहिती हवी. उदाहरणार्थ: "आमच्या घराच्या पूर्वेस असलेल्या घरातील बंबाचे धुराडे आमच्या खिडकीपासून चार फुटांवर व तिच्या पातळीखाली आहे. सोबत जोडलेल्या नोंदीनुसार पंधरापैकी तेरा दिवस सकाळी सहा ते साडेसात या वेळेत धूर घरात आला. घरात दम्याचा रुग्ण असून वैद्यकीय कागद जोडला आहे. जागेची पाहणी करून धुराड्याची उंची वाढवण्याबाबत संबंधितांना सूचना द्यावी, ही विनंती."

प्लास्टिक किंवा कचरा जाळला जात असेल तर तसे अर्जात स्वतंत्र लिहावे. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये भरपाई आकारावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये दिलेला आहे. धूर घरगुती नसून बेकरीचा, हॉटेलच्या भट्टीचा असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही तक्रार करता येते.

एकाच घराला नव्हे तर सगळ्या गल्लीला त्रास असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे व्यवहारात बहुधा तहसीलदार किंवा प्रांतांकडे, उपद्रव दूर करण्याचा आदेश मागता येतो. 1 जुलै 2024 पूर्वी हीच तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 133 होती. हवा दूषित करण्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 280 मध्ये दंड आहे, पण तो एक हजार रुपयांपर्यंतच, त्यामुळे केवळ पोलिसांत जाऊन धुराडे उंच होईल अशी अपेक्षा ठेवू नये. त्रास फक्त आपल्याच घराला असेल तर मार्ग दिवाणी न्यायालयातील मनाई हुकमाचा असतो. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व तडजोडीसाठी अर्ज करावा. तिथे शेजाऱ्याला नोटीस जाते आणि दोघांना समोरासमोर बसवले जाते. महिलांना या प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज घरातील बाईच्या नावाने करणे सोयीचे पडते. सुनावणी संपेपर्यंत रोजची नोंदवही चालू ठेवावी, आणि धूर ज्या दिवशी आला नाही तो दिवसही तिच्यात प्रामाणिकपणे लिहावा.